बिल्ल्यामागची चिठ्ठी

तिरोड्याहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझे एक जुने परिचित राहतात. तीन एकर धानाची शेती आणि वीस-बावीस वर्षं एकाच पक्षाचं काम. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओसरीतल्या खिळ्याला, कॅलेंडरच्या शेजारी, एक बिल्ला टांगलेला दिसला. रुंद फीत, आत त्यांचा फोटो, फोटोखाली ठळक अक्षरांत ‘प्रतिनिधी’. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला ते जाऊन आले होते. चुलीच्या धुरानं काळा पडू नये म्हणून वहिनींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता.

“तुम्ही कोणत्या ठरावावर बोललात?” मी विचारलं.

“बोलाले कोन देते जी? कागद त्याच दिवशी सकाळी भेटले. वाचाले सुरुवात केली, तं हात वर करा म्हनलं. सगळ्यायनं केले, मी बी केला.”

मग त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढला आणि फोटोच्या मागून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी बाहेर काढली. वहीचं रेघांचं पान. त्यावर तीन ओळी: धानाचे चुकारे वेळेवर मिळावेत, खरेदी केंद्रावर बारदाना कमी पडू नये, धापेवाडा सिंचन योजनेचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत यावं. गावातल्या लोकांना विचारून त्यांनी ती लिहून नेली होती. जशी नेली तशीच परत आली.

त्या चिठ्ठीबद्दल आज लिहायचं आहे. पक्ष कोणता, हे मुद्दामच सांगत नाही. कारण ही गोष्ट एका पक्षाची नाही.

आपल्या तिरोड्याच्या स्टेशनावरून जाणारी रेल्वेलाईन पश्चिमेला नागपूरला जाते आणि पूर्वेला गोंदियावरून रायपूरला. या एका लाईनवर देशाच्या पक्षीय राजकारणातली मोठी अधिवेशनं झाली. प्रतिनिधी या शब्दाचं वजन कसं वाढलं आणि कसं उतरलं, ते त्यांच्याकडे पाहिलं की कळतं.

डिसेंबर १९२०. नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर, स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. प्रतिनिधी चौदा हजारांवर. त्यापूर्वी प्रतिनिधी होणं फारसं अवघड नव्हतं. कुठल्याही जाहीर सभेनं नाव सुचवलं की झालं. त्यामुळे अधिवेशन ज्या शहरात, त्या शहराचीच गर्दी मांडवात. नागपूरनं असहकाराचा ठराव पक्का केला, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. पण त्याच मांडवात पक्षाची नवी घटना मंजूर झाली, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद. प्रांतिक समित्या भाषेनुसार. आणि प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येशी बांधलेली, साधारण पन्नास हजार लोकांमागे एक.

तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यात होतं. या घटनेनं मध्य प्रांताचे तुकडे पाडले: हिंदी भागाची समिती वेगळी, वऱ्हाडची वेगळी आणि आपल्या मराठी भागाची नागपूरला वेगळी. म्हणजे धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला आपल्या भाषेत बोलून, आपल्या लोकांच्या मतानं निवडून, देशाच्या मांडवात जाण्याची वाट त्या डिसेंबरात कागदावर उघडली. चार आण्यांनी माणूस सभासद झाला आणि पन्नास हजारांच्या हिशेबानं प्रतिनिधी जबाबदार झाला. आता त्याच्या मागे कोण उभं आहे, हे मोजता येत होतं.

प्रतिनिधीच्या मताला धार किती असू शकते, ते १९३९ साली दिसलं. २९ जानेवारीला प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी अध्यक्षपदासाठी मतदान केलं. महात्मा गांधींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्यांना होता. मतं मोजली तेव्हा सुभाषचंद्र बोस यांना १,५८० आणि पट्टाभींना १,३७७. दोनशे तीन मतांनी देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा कौल बाजूला सारला. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं. गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरला जाणारी छोटी लाईन तेव्हा होती, म्हणजे आपल्याकडच्या माणसाला त्रिपुरी परकी नव्हती. बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. पण अध्यक्ष तापानं फणफणलेले, स्ट्रेचरवरून मांडवात आणलेले. त्यांचं भाषण थोरले बंधू शरदबाबूंनी वाचून दाखवलं. आणि त्याच अधिवेशनानं गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर केला: अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिल संपता संपता सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

त्या प्रतिनिधींचं कोणतं मत बरोबर, पहिलं की दुसरं, यावर आजही वाद घालता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की दोन्ही वेळा निकाल त्यांच्या मतावर लागला. मतदानाआधी तो कोणालाही ठाऊक नव्हता.

प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे नागपूरनं आणखी एकदा दाखवलं. १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत मोहन पार्कला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. जुलै म्हणजे रोवणीचे दिवस. मजुरी सोडून परिषदेला येणं म्हणजे काय, हे धानाच्या मुलखात सांगावं लागत नाही. तरी हजारोंनी माणसं आली. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरणीतल्या बायांना रजा मिळावी, असे ठराव त्यांनी केले. त्या बायांच्या चिठ्ठ्या ठरावात उतरल्या होत्या.

आता अलीकडचं पाहू. १७ ऑक्टोबर २०२२ ला काँग्रेसनं अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं, २००० नंतर प्रथमच. सुमारे ९,९०० प्रतिनिधींना मताचा हक्क होता. ९,३८५ मतं पडली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७, शशी थरूर यांना १,०७२, बाद ४१६. चुरस फार नव्हती, पण मतपेटी होती, आणि तिचं मोल मी मानतो. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आपल्याच लाईनवर पुढे रायपूरला महाअधिवेशन भरलं. कार्यकारिणीच्या काही जागा निवडणुकीनं भराव्यात असं पक्षाची घटना म्हणते. पहिल्याच दिवशी सुकाणू समितीनं ठरवलं की निवडणूक नको, नेमणुका अध्यक्षांनीच कराव्यात. पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीला भारतीय जनता पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन झालं. तिथं पक्षाची घटना बदलून अध्यक्षाचा कार्यकाळ वाढवण्याचा अधिकार संसदीय मंडळाला दिला गेला. दोन्ही ठिकाणी हजारो प्रतिनिधी होते, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या हातातला अधिकार वर सोपवणाऱ्या निर्णयाला त्यांनी साथ दिली.

कोणी म्हणेल, यात सामान्य माणसाचं काय बिघडलं? फार बिघडलं. महाराष्ट्रानं त्याची किंमत नुकतीच मोजली आहे.

ती कशी, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९६९ साली काँग्रेस फुटली. खरा पक्ष कोणता, हे निवडणूक आयोगाला ठरवायचं होतं. आयोगानं खासदार-आमदार मोजले, तसेच संघटनेतले सदस्य आणि प्रतिनिधीही मोजले. सादिक अली खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये ती कसोटी मान्य केली. शिवसेनेच्या तशाच वादाचा निकाल आयोगानं २०२३ मध्ये दिला आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादाचा २०२४ मध्ये. या वेळी संघटनेतलं बहुमत मोजता येईल अशी भरवशाची नोंद नाही, असं आयोगाचं म्हणणं पडलं. पदाधिकारी निवडून आलेले की नेमलेले, यावरच प्रश्नचिन्ह होतं. मग उरले फक्त आमदार आणि खासदार. त्यांची डोकी मोजून नाव आणि चिन्ह दिलं गेलं.

त्या निकालांवर कोणाचं काय मत आहे, हा वेगळा विषय. पण त्यातला धडा प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्यासाठी आहे. गावोगाव सतरंज्या उचलणारे, उन्हात पत्रकं वाटणारे, बूथवर दिवसभर उपाशी बसणारे लाखो लोक पक्ष कोणाचा या हिशेबात आलेच नाहीत. आले असते, जर त्यांनी निवडलेले प्रतिनिधी खरे असते. प्रतिनिधी नुसता हात वर करायला उरला, की पक्ष आमदारांचा होतो. आणि आमदार जिकडे जातो तिकडे पक्ष जातो. गेल्या काही वर्षांत आपण जे पाहून थकलो, त्याचं एक मूळ या रिकाम्या मांडवात आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते सगळ्या पक्षांकडे आहे. राष्ट्रीय अधिवेशनाचा प्रतिनिधी तालुक्यातल्या सभासदांनी गुप्त मतदानानं निवडावा. ठरावांचे मसुदे महिनाभर आधी मराठीत तालुक्याला पोचावेत. तिरोड्यात, अर्जुनी मोरगावात, देवरीत त्यावर बैठक व्हावी. दुरुस्ती सुचवण्याचा आणि विरोधी मत नोंदवण्याचा हक्क प्रतिनिधीला असावा आणि ते मत इतिवृत्तात यावं. आणि परतल्यावर त्यानं त्याच सभासदांपुढे उभं राहून सांगावं, मी काय मांडलं आणि काय झालं. यातलं काहीच खर्चाचं नाही. शंभर वर्षांपूर्वी चार आण्यांच्या वर्गणीवर याचा पाया घातला गेला होता.

माझ्या परिचितांना मी विचारलं, पुन्हा बोलावलं तर जाल का? ते जरा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिले. “जाईन जी,” म्हणाले. “पन या खेपेस कागद अगोदर मांगीन. नाई भेटले तं हात नाई करत.”

मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी करून बिल्ल्याच्या मागे सारली आणि बिल्ला खिळ्याला लावला. हात खाली ठेवण्याचा हक्क ज्याला कळला, तो प्रतिनिधी झाला. तिरोड्यातून पुढच्या अधिवेशनाला जो कोणी गाडीत बसेल, त्याला निरोप द्यायला जाल तेव्हा हार कमी घ्या. त्याच्या हातात आपली चिठ्ठी द्या, आणि परत आल्यावर ती मागून घ्या.