रियाज घरी, पण फरशी कोणती?

भाचीचे कथक सुरू झाले आणि दोन महिन्यांतच नडग्या दुखू लागल्या. "खाला, घुंगरू जड आहेत का?" तिने विचारले. मी म्हटले, "बेटा, आधी पायाखाली बघ."

रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. तेव्हापासून इथे कथक शिकणाऱ्या कितीतरी मुली झाल्या. पण घरचा रियाज होतो तो काँक्रीटवर बसवलेल्या टाइल्सवर. ती फरशी जराही दबत नाही. प्रत्येक तत्कारचा हादरा नडगी-गुडघ्यात परत येतो. वर नुसती सतरंजी टाकली तर चक्कर घेताना तीच सरकते.

भाड्याच्या घरातही चालेल असा उपाय आहे. आठ बाय आठ फुटांच्या जागेसाठी आठ बाय चार फुटांचे, १२ मिमी जाडीचे चार प्लाय घ्या. दोन खाली, दोन त्यांच्यावर आडवे, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. स्क्रू २० मिमीचेच लावा. खाली रबराचे तुकडे ठेवा. त्याने लवचीकपणा येतो आणि खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो. पावसाळ्यात ओल धरते, म्हणून प्लाय 'आयएस ७१०' शिक्क्याचाच मागा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये चार दुकानांत भाव विचारा. कडा घासून घ्या, मॅट पॉलिश करा. मेण किंवा तेल नको, पाय घसरतो.

आणि दुखणे थांबेपर्यंत रियाज बंद. फरशी बदलता येते, गुडघे नाही.