तपासणी तब्येतीची, की दाखल्याची?

आमच्या मामूंचा जन्म १ जूनला झालेला नाही. शिक्षक असलेले वाचक हे वाचून हसतील, कारण आपल्या मराठवाड्यात जुन्या पिढीतली किती माणसे १ जूनला जन्मली आहेत हे त्यांना ठाऊक आहे. बाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचा, जन्मतारीख विचारली की आभाळाकडे पाहायचा. मग मास्तर सहा वर्षे मागे मोजायचे आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये भरते, हिशोब सोपा! मामू जून १९६३ मध्ये शाळेत गेले, म्हणून ते १ जून १९५७ रोजी जन्मले.

नानी मात्र मरेपर्यंत सांगत राहिल्या, "अपना मुलूख मुंबई में गया ना, उसके बाद के मोहरम में हुआ मेरा बाबू. सवाऱ्या उठी थी." मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्यानंतरचा मोहरम लागला जुलै १९५७च्या अगदी अखेरीस. सवाऱ्या उठल्या म्हणजे ऑगस्ट. मी उर्दू शाळेत शिकवतो, हिजरी-इसवीचा मेळ घालणे मला जमते. हा हिशोब मी तीन वेळा केला. मामू ऑगस्टचे आहेत. फरक दोन महिन्यांचा.

या दोन महिन्यांनी माझ्या मामूंचा हज हुकवला. आणि हुकवला तो आरोग्याच्या नावाखाली. म्हणून हा लेख.

मामू आणि मुमानी या दोघांचे नाव हज २०२०च्या कुर्ऱ्यात निघाले. मामूंची सगळी कमाई शिलाई मशिनवरची. पैसे कसे जमले ते त्यांनाच माहीत. पुढे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. २३ जून २०२० रोजी भारतातून यंदा कोणीही जाणार नाही असे जाहीर झाले आणि २ लाख १३ हजारांहून अधिक अर्जदारांचे पैसे परत करण्याचा निर्णय झाला. पैसे परत आले, तक्रार नाही. त्या वर्षी सौदीतच राहणाऱ्या मोजक्या लोकांनी हज केला. २०२१ मध्येही ६० हजारांना परवानगी मिळाली, तीही तिथल्याच रहिवाशांना. २०२२ साठी मामूंनी पुन्हा अर्ज भरला. ९ एप्रिल २०२२ रोजी सौदी हज मंत्रालयाने जाहीर केले : यंदा १० लाख हाजी येतील, लसीचे डोस पूर्ण हवेत, परदेशातून निघण्याआधी ७२ तासांच्या आतला आर.टी.-पी.सी.आर. निगेटिव्ह हवा आणि वय ६५ च्या आत हवे. भारताच्या वाट्याला ७९,२३७ जागा आल्या.

त्या साली अरफातचा दिवस ८ जुलैला होता. नानीच्या मोहरमप्रमाणे मामू त्या दिवशी ६४ वर्षांचे. मास्तरांच्या १ जूनप्रमाणे ६५ पूर्ण होऊन पाच आठवडे झालेले. अर्ज बाद.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर लोक माझ्या तोंडी नको ते घालतील. साथ आली असता माणसांचे येणे-जाणे रोखण्याला माझा विरोध नाही. ताऊन असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपासून आहे. हजरत उमर शामकडे निघाले असता ताऊनची खबर मिळताच वाटेतून माघारी फिरले होते. मेनिंजायटिसची लस तर आपले हाजी कित्येक वर्षे निमूटपणे टोचून घेतात, कार्ड पासपोर्टला लावतात, कोणी कुरकुर करत नाही. कोरोना म्हाताऱ्यांना अधिक मारतो हेही खरे आहे. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवले होते. ऑक्सिमीटर घेऊन मी स्वतः मोहल्ल्यात फिरलो आहे. दुसऱ्या लाटेत किती जनाजे उठले तेही पाहिले आहे.

पण त्याच ऑक्सिमीटरमध्ये मामूंचे बोटही मी घातले होते. त्यांना साखर नाही, दाब नाही, सायकलवर बाजार करतात. लसीचे डोस वेळेवर. आणि मोहल्ल्यातला बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ, ज्याचे डायलिसिस चालू होते, तो वयाच्या अटीत आरामात बसत होता! डॉक्टरच्या तपासणीत तो गळला असता हे मान्य. पण मग तीच तपासणी मामूंची का नको? अट आरोग्याची म्हणायची आणि पाहायचा शाळेचा दाखला. माझा आक्षेप एवढाच आहे : महामारीच्या काळात प्रवाशाच्या तब्येतीच्या नावाने जे काही तपासले गेले, त्यात तब्येत थोडी होती, कागद जास्त होता. आणि कागदाच्या परीक्षेत नेहमी तोच नापास होतो ज्याचा कागद दुसऱ्याने लिहिलेला असतो.

नावाचेच घ्या. मामूंचा थोरला मुलगा दुबईत ए.सी. दुरुस्तीचे काम करतो. तो सुटीवर आला आणि एप्रिल २०२१च्या अखेरीस अमिरातीने भारतातली वाहतूक बंद केली. ऑगस्टमध्ये दार किलकिले झाले तेव्हा अट होती ४८ तासांच्या आतला क्यू.आर. कोड असलेला आर.टी.-पी.सी.आर. आणि शिवाय विमानतळावर निघण्यापूर्वी काही तास आधी आणखी एक जलद चाचणी. महाराष्ट्र सरकारने ३१ मार्च २०२१ रोजी साध्या आर.टी.-पी.सी.आर.चा दर ५०० रुपयांवर आणला होता. विमानतळावरच्या जलद चाचणीला त्याने साडेचार हजार मोजले. ४८ तासांचे घड्याळ मुंबईतल्या माणसासाठी आणि आमच्यासाठी सारखे चालत नाही. नमुना दिला, अहवाल मिळेपर्यंत एक दिवस गेला, सोलापूर गाठून रात्रीची गाडी धरली, दुसरा दिवस गेला. एवढे करून तो खिडकीशी पोहोचला, तर तिथल्या बाईंनी विचारले, "हे दोघे वेगळे आहेत का?" पासपोर्टवर 'शेख' एस-एच-ए-आय-के-एच, अहवालावर एस-एच-ई-आय-के-एच. अहवाल निगेटिव्ह होता, पण तो कोणाचा ते ठरेना. विमान गेले. साडेचार हजार गेले. आठ दिवसांनी सगळे पुन्हा.

आपली नावे उर्दूत लिहिली तर त्यांचे एकच रूप असते. मराठीत आली की दोन होतात, इंग्रजीत गेली की पाच. मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद, महंमद, आणि कारकून घाईत असेल तर नुसते एम-डी. शाळेच्या रजिस्टरात फातिमा, रेशन कार्डावर फातमाबी, आधारवर फातेमा. वडिलांचे नाव मधे की शेवटी, 'शेख' आधी की नंतर, याला काही नियमच नाही. कोविनवर जून २०२१ पासून नाव दुरुस्त करण्याची आणि पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय झाली, चांगले झाले. पण दुरुस्ती एकदाच. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने ती सायबर कॅफेतल्या पोराकडून करून घ्यायची आणि त्या पोराने चूक केली की संपले. (आता तर आमच्या जिल्ह्याचेच नाव बदलले आहे. २०२३ पासून आम्ही धाराशिवचे. जुन्या पासपोर्टांवर जन्मस्थान उस्मानाबाद आहे. त्याचे पुढे काय काय होईल ते पाहायचे.)

कोणी म्हणेल, हा तुमच्या नावांचा दोष आहे, व्यवस्थेचा नाही. बरे, मग लसीचे सांगतो. गावच्या केंद्रावर ज्या दिवशी जी लस आली ती लोकांनी घेतली. कोव्हिशिल्ड की कोव्हॅक्सिन, हे विचारणारा माणूस आमच्याकडे शहाणपणा करणारा ठरत असे. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. भारतात ती जानेवारीपासून टोचली जात होती. मधल्या दहा महिन्यांत, ज्याने सरकारचे ऐकून निमूटपणे ही लस घेतली तो अनेक देशांच्या दारात बिनलसीचा ठरत होता.

आणि कोव्हिशिल्ड? ती आपल्या पुण्यात, सीरममध्ये तयार झालेली. मार्च २०२१ मध्ये पुण्याहून ५० लाख डोस ब्रिटनला गेले, तिथल्या लोकांच्या दंडात टोचले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने प्रवासाचे नवे नियम काढले. आधी ही लस मोजलीच नाही. ओरड झाल्यावर लस मान्य केली, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य नाही म्हणाले! औषध तेच, कारखाना तोच, फक्त कागद आपला. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरणात ठेवण्याचा नियम लावला, तेव्हा आठवड्याभरात त्यांना आपला कागद वाचता येऊ लागला. भारत सरकारकडे ताकद होती. मामूंच्या मुलाकडे कोणती होती?

हा रोग जुना आहे. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला, हजारो हाजी मेले आणि साथ युरोपात पोहोचली. पुढच्या वर्षी इस्तंबूलच्या परिषदेत हिंदुस्थानचा गरीब हाजी हा युरोपाच्या डोळ्यांपुढे संशयित म्हणून उभा राहिला. तुर्कांनी १८८२ पासून लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइन उघडले. आपले हाजी तिथे उन्हात दिवसच्या दिवस अडकून पडत आणि त्या अडकून पडण्याची फीसुद्धा त्यांच्याकडूनच घेतली जाई. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईहून हजला जाणे बंद केले. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. रोग खरा होता तेव्हाही आणि आताही. पण डेकवर बसणाऱ्या मुसाफिराचा बंदोबस्त जितका कडक होतो, तितका वरच्या वर्गाचा होत नाही, हेही तेव्हापासूनचेच. महामारीत तर औरंगाबादचे हज उड्डाणही बंद झाले. देशातली उड्डाण केंद्रे दहावर आणली गेली, मराठवाड्याच्या हाजीने मुंबई गाठायची. म्हाताऱ्या माणसाला गर्दी टाळा असे सांगायचे आणि त्याला गाडीच्या डब्यात बसवून चारशे किलोमीटर पाठवायचे, यात कुठले आरोग्य होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनेच जानेवारी २०२२ मध्ये सांगितले की लसीचा पुरावा हा परदेशप्रवासाचा एकमेव मार्ग ठरवू नका, कारण जगात लस सर्वांना सारखी मिळालेली नाही. तोवर ओमायक्रॉन सगळे निगेटिव्ह अहवाल बाजूला सारून देशोदेशी पोहोचला होता.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्याला नावे ठेवून आपली सुटका होत नाही. २०२१ मध्ये आपल्याच मोहल्ल्यांत लसीविषयी काय काय बोलले गेले ते आठवा. मी लसीकरणाच्या यादीसाठी गेलो तेव्हा माझ्या तोंडावर दारे लावणारे लोक माझ्याच मागच्या सफेतले नमाजी होते. त्यांतलेच काही जण पुढे आखाताचा व्हिसा हाती आल्यावर "मास्तर, नुसते सर्टिफिकेट मिळेल का?" असे विचारत आले. पैसे दिले की निगेटिव्ह अहवाल देणारे दलाल देशभर पकडले गेले आणि त्यांच्याकडे जाणारे गिऱ्हाईक काही आभाळातून पडलेले नव्हते. अल्लाहच्या घरी किंवा हलाल रोजीसाठी निघालेला माणूस खोटा कागद खिशात घेऊन विमानात बसतो आणि शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला रोग देतो, याला काय म्हणावे? असे लोक निघतात म्हणूनच खिडकीवरचा माणूस खऱ्या शेखलाही संशयाने पाहतो.

आणि आम्ही शिक्षक? १ जून लिहिणारे मास्तर वाईट नव्हते. त्यांनी पोराला शाळेत घेतले, परत पाठवले नाही. पण ती तारीख पुढे पासपोर्टवर जाईल आणि साठ वर्षांनी एका महामारीत माणसाचा 'धोका' मोजायला वापरली जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. आमच्या मात्र ध्यानात असले पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हा हज कमिटीने, सरकारने वयाच्या तारखेऐवजी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली खरी तपासणी पुढे करावी, सौदी सरकारशी तसे बोलावे. अहवालाची मुदत ठरवताना खेड्यापासून विमानापर्यंतचे अंतर धरावे. नावाच्या दुरुस्तीसाठी तहसिलीत एक उर्दू जाणणारा माणूस बसवावा. यातले एकही काम अवघड नाही.

मुमानींचे राहिले. त्या साठीच्या आतल्या होत्या, २०२२ मध्ये त्यांना जाता आले असते. मेहरमशिवाय चार बायकांच्या गटाने जाण्याची सोयही होती. मी तसे सुचवले. त्या म्हणाल्या, जोडीने नाव घातले, जोडीनेच जाऊ. ९ जानेवारी २०२३ रोजी वयाची अट उठल्याची बातमी आली. मुमानी त्याआधी पंचवीस दिवस गेल्या होत्या. कोरोनाने नाही, हृदयविकाराने. मामू २०२४ मध्ये जाऊन आले, औरंगाबादहूनच. सोबत कोणी नव्हते.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोराचे आईबाप ऊसतोडीला गेले असताना ते तिकडेच कुठे तरी जन्मले, जन्मनोंद नाही. मी म्हटले, नोंद करून दाखला आणा, तारीख खरी लिहू, इंग्रजी स्पेलिंग आत्ताच ठरवून तुमच्या हातात लिहून देतो. आजी म्हणाल्या, "त्याला चार चकरा पडतील मास्तर, चार दिवसांची मजुरी जाईल. तुम्हीच लिवा की एक जून." पोराला वर्गात बसवले आणि रजिस्टरातला तो रकाना मी पेन्सिलीने लिहून ठेवला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आजींच्या घरी चक्कर टाकतो. अजून दोन चकरा बाकी आहेत.