विठाबाईंची पुण्याई

‘मुलं शिकवायची तर पैसा लागतो गं ताई, आमच्याकडं कुठला?’ बचत गटात कुणी असं म्हणालं, की मला विठाबाई आठवतात. यशवंतराव चव्हाणांच्या आई.

यशवंतराव १९१३ साली आजोळी, देवराष्ट्रे गावी जन्मले. वडील लवकर गेले. आई निरक्षर, घरात कायमची ओढाताण. थोरल्या भावांनी भार उचलला आणि कराडात धाकट्याची शाळा काही सुटली नाही. १९३२ साली स्वातंत्र्य चळवळीत तो तुरुंगात गेला. माफी मागितली तर सुटेल, असा सल्ला मिळाला. या माउलीनं तो साफ नाकारला! तोच मुलगा १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, १९६२ साली देशाचा संरक्षणमंत्री.

आपण मुलांना सांगतो, ‘बघा, गरिबीतून मोठे झाले.’ अहो, गरिबी कुणाला मोठं करत नाही, ती शाळा सोडायला लावते. ती सुटू न देणारं माणूस घरात लागतं. म्हणून मैत्रिणींनो, शेजारी एखादी एकटीनं मुलं वाढवत असेल, तर तिला ‘बिचारी’ म्हणू नका. लेकरांच्या वह्या-पुस्तकांची तेवढी चौकशी करा.