वाघिणीला नाव, मेलेल्या माणसांना आकडा

२ नोव्हेंबर २०१८ ची रात्र. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या जंगलात एक वाघीण गोळी घालून मारली गेली. वनखात्याच्या दफ्तरी तिचं नाव टी-१. शहरातल्या प्राणीप्रेमींनी तिला दिलेलं नाव अवनी. पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत तेरा माणसं गेली, त्याचा ठपका तिच्यावर होता. ती मेल्याची बातमी आली तेव्हा त्या भागातल्या गावांत फटाके फुटले, मिठाई वाटली गेली. आणि शहरांत निषेध मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या. तिचे दहा महिन्यांचे दोन बछडे पोरके झाले म्हणून लोक रडले.

बछड्यांसाठी रडू नये असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, त्या तेरा जणांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? मलाही आठवत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली. ते शेतकरी होते, शेतमजूर होते, गुराखी होते. वाघिणीला नाव मिळालं, माणसांना आकडा मिळाला. कोणाच्या मरणाला चेहरा द्यायचा आणि कोणाच्या मरणाची नुसती बेरीज करायची, हे या देशात कोण ठरवतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण मित्रांनो, हा लेख फक्त प्राणीप्रेमींना झोडपण्यासाठी नाही. गेल्या काही वर्षांत वाघ-बिबट्याचा विषय निघाला की आपल्याच तरुणांत दोन तट पडताना मी पाहतो. एक म्हणतो, आपण बौद्ध आहोत, पहिलं शीलच जीवहत्या न करण्याचं आहे, तेव्हा वाघाला मारणं पाप. दुसरा म्हणतो, वाघ ही सवर्णांची आणि जिप्सीतून फिरणाऱ्या पर्यटकांची चैन आहे, आपली माणसं मरतात, तर घाला गोळ्या. मला दोन्ही उत्तरं कच्ची वाटतात. आणि पक्कं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. ते बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेब एक फरक करतात. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जिथे मारण्यामागे इच्छेखेरीज दुसरं कारण नाही, तिथली हिंसा बुद्धाने नाकारली. यज्ञात हजारो पशू कापले जात, त्यात गरज कसली होती? ब्राह्मणी धर्मात मारण्याची इच्छा आहे, जैन धर्मात कधीच न मारण्याची इच्छा आहे, आणि बुद्धाची अहिंसा या दोन्हींहून वेगळी, मध्यम मार्गाची आहे, अशी त्यांची मांडणी आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला लावतं आणि निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर टाकतं.

ही कसोटी हातात घेऊन शिकारीकडे बघा.

आपल्याकडच्या राजेमहाराजांची शिकार ही निव्वळ इच्छा होती. सरगुजाच्या एका महाराजांच्या नावावर हजाराहून जास्त वाघ सांगितले जातात. मचाणावर साहेब आणि महाराज बसायचे, आणि हाका घालायला गावातली खालच्या पायरीवरची माणसं वेठीला धरली जायची. बंदूक वर, ढोल बडवणारा खाली. वाघ उलटला तर पहिला बळी कोणाचा, हे त्या रचनेतच ठरलेलं होतं.

इंग्रज सरकारने तर हिंस्र प्राण्यांच्या डोक्यावर बक्षिसं लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त वाघ, दीड लाखांहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. शेती वाढवायची, महसूल वाढवायचा, तर वाटेत येईल तो 'उपद्रवी'. लक्षात घ्या, याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि माणसांच्या अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. दोन्हीकडे युक्ती एकच. एखाद्याने काय केलं हे तपासायचंच नाही. तो कोणत्या जातीचा, एवढ्यावर शिक्का मारायचा. एकदा शिक्का बसला की पुढच्या क्रौर्याचा जाब कोणी विचारत नाही.

ही युक्ती आजही जगात कशी चालते हे पाहायचं तर अमेरिकेतल्या कोयोटीकडे बघा. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्याच्या कुळातला प्राणी. तो मेंढ्यांची कोकरं मारतो, ही तक्रार खोटी नाही. पण तिथल्या अनेक राज्यांत त्याला वर्षभर, कितीही संख्येने मारायला मोकळीक आहे. एवढंच नाही, तर त्याला मारण्याच्या स्पर्धा भरतात. सर्वांत जास्त कोण मारतो, सर्वांत वजनदार कोण मारतो, त्याला बक्षीस. ज्याने कोणाचं कोकरू मारलं तोच कोयोटी मेला का, हे कोणी बघत नाही. केंद्र सरकारचं एक खातं वेगळंच दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त कोयोटी मारतं. आणि एवढं करून झालं काय? माणसाने आधी लांडगा संपवला, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत कोयोटी पश्चिमेच्या माळरानांतून जवळजवळ सगळ्या खंडात पसरला. कळपातले मोठे प्राणी मारले की कळप फुटतो आणि उरलेल्या माद्या विणीला लागतात. म्हणजे मेंढपाळाचा प्रश्नही सुटत नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा स्पर्धांतली बक्षिसं बंद केली, २०२३ मध्ये न्यूयॉर्कने स्पर्धांवर बंदी आणली, मधल्या काळात आणखी काही राज्यांनीही. पण बाकी ठिकाणी खेळ चालू आहे. बाबासाहेबांच्या कसोटीवर याला नाव एकच, मारण्याची इच्छा. मेंढपाळाची गरज पुढे करून भागवलेली शिकाऱ्याची हौस.

आता राळेगावला परत येऊ. टी-१ ला मारणं ही गरज होती की इच्छा?

आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या बाबतीत बाबासाहेबांच्या कसोटीच्या बराच जवळ जातो. वाघासारखा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच त्याला मारण्याचा आदेश निघू शकतो. म्हणजे आधी गरज सिद्ध करा. तेरा मरणांनंतर असा आदेश निघाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. माझं मत स्पष्ट आहे. माणसं मरत असताना, सगळे उपाय थकल्यावर, विशिष्ट एका प्राण्याला मारणं हे शीलाचा भंग नाही. ज्या बाईला उद्या सकाळी त्याच वाटेने शेतात जायचं आहे, तिला अहिंसेचं प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण गरज सिद्ध झाली म्हणून काम संपत नाही. गरजेचं काम गरजेसारखंच व्हायला हवं. आदेश होता, आधी बेशुद्ध करा, ते जमलंच नाही तर गोळी घाला. प्रत्यक्षात गोळी झाडली ती हैदराबादच्या एका प्रसिद्ध शिकाऱ्याच्या मुलाने, रात्री, पशुवैद्यक सोबत नसताना. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचे ताशेरे आले. आदेश गरजेचा होता, पण अंमलबजावणीत जुन्या शिकारीचा वास आला. लोकांचं संरक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. ती बाहेरून बोलावलेल्या बंदूकवाल्याच्या हाती सोपवणं म्हणजे तीच जुनी मचाणाची रचना.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न अजून पुढेच आहे. ही गरज निर्माण कोणी केली?

उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा. पहाटे अंधारात जंगलात शिरायचं, वाकून पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे आणि फळीवर मोजून द्यायचे. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तरी ती जाते, कारण त्या दोन-तीन आठवड्यांच्या पैशावर पावसाळ्याचं बियाणं आणि पोरांची शाळा चालते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात सरपणाला, मोहाला, पत्त्याला कोण जातं? आदिवासी, बौद्ध, ढिवर, भूमिहीन ओबीसी. तिकडे जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या राहतो, आणि त्याच उसाच्या कडेला कोपी टाकून ऊसतोड मजुरांची लेकरं झोपतात. वाघ जात बघत नाही हे खरं. पण वाघासमोर कोण उभं राहणार, हे जात आणि जमीनच ठरवते.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९० वाघ मोजले गेले, २०२२ मध्ये ४४४. ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि मीही ती वाईट मानत नाही. पण वाघ वाढत असताना चंद्रपुरात जंगलाशेजारी खुल्या कोळसा खाणी चालूच राहिल्या, रस्ते रुंद झाले, वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटा तुटल्या. कोळशाची वीज शहराला, सफारीचा पैसा रिसॉर्टला, वाघाचं कौतुक देशाला, आणि वाघाचा दात गावाला. मरणानंतर सरकार २५ लाख देतं. ती रक्कम हवीच. पण ती मरणानंतरची व्यवस्था आहे. जिवंत राहण्याची व्यवस्था कुठे आहे?

जातकमालेत बोधिसत्त्वाची एक कथा आहे. भुकेने व्याकूळ वाघीण स्वतःचीच पिल्लं खायला निघालेली पाहून बोधिसत्त्व स्वतःचा देह तिला देतो. आपल्याला ही कथा ऐकवून करुणा शिकवायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, बोधिसत्त्वाने स्वतःचा देह दिला होता. सिंदेवाहीच्या बाईचा देह देऊन मुंबईत बसून करुणा मिरवली नव्हती. गुजरातेत उना इथे २०१६ साली मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघड्यावर फटके मारले गेले, तेही प्राणीप्रेमाच्याच नावाने. माणसाला वगळून उभी राहिलेली अहिंसा कुठे जाऊन पोचते, हे आपण पाहिलेलं आहे.

पण हीच गोष्ट उलट बाजूने आपल्या तरुणांनाही सांगायची आहे. 'घाला गोळ्या' हे उत्तरही आपलं नव्हे. सगळे वाघ नरभक्षक, सगळे बिबटे उपद्रवी, असं म्हणणं म्हणजे जन्मावरून शिक्का मारणं. पारधी समाजाला विचारा तो शिक्का काय असतो ते. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा गेला, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि तितर-ससा पकडणारा पारधी पुन्हा गुन्हेगार झाला. राजवाड्यांच्या भिंतीवरची वाघांची मुंडकी मात्र नोंदणी करून कायदेशीर झाली. ज्यांनी हौसेने जंगल रिकामं केलं ते निसर्गप्रेमी, आणि ज्यांनी पोटासाठी फासे लावले ते शिकारी. तेव्हा सरसकट मारण्याची मागणी करण्याआधी विचार करा, की तो कायदा आणि ती बंदूक शेवटी कोणावर रोखली जाते. शिवाय जंगल गेलं तर पाणी, सरपण, मोह, बांबू हे सगळं आधी आपल्याच घरातून जाणार आहे. टँकर मागवून पिणाऱ्यांच्या घरातून नव्हे.

मग करायचं काय? रस्ता दाखवणारं एक गाव चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूचं नियोजन करून त्यावर रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. हा निर्णय वनखात्याच्या दंडुक्याने झाला नाही, हक्क मिळाल्यावर झाला. जंगलात जायचं की नाही, कधी जायचं, किती जणांनी जायचं, हे ठरवण्याइतकं पोट आणि सत्ता हातात आली की माणूस वाघासमोर नाइलाजाने उभा राहत नाही.

म्हणून आपली मागणी 'वाघ मारा' ही नसावी, आणि 'वाघ वाचवा' एवढीही नसावी. वाघाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला सामूहिक वनहक्क द्या. तेंदूच्या हंगामात बुडणारी मजुरी रोजगार हमीतून आगाऊ भरून द्या. सफारीच्या उत्पन्नात ग्रामसभेचा वाटा कायद्याने ठरवा. धोकादायक प्राण्याबद्दलचा निर्णय ग्रामसभेचं ऐकून, ठरलेल्या मुदतीत घ्या, म्हणजे तेराव्या मरणापर्यंत थांबावं लागणार नाही. आणि मारायची वेळ आलीच, तर ती प्रशिक्षित सरकारी पथकाने, दिवसाढवळ्या, नियमाने पार पाडावी. त्यावर फटाकेही नकोत आणि बक्षीसही नको.

बाबासाहेबांनी आपल्याला नियम दिला नाही, तत्त्व दिलं. नियम पाळणं सोपं असतं, डोळे मिटूनही पाळता येतो. तत्त्व पाळायचं तर प्रत्येक वेळी डोळे उघडे ठेवून विचारावं लागतं, ही गरज आहे की इच्छा? गरज असेल तर ती कोणी लादली? पुढच्या वेळी वाघाची बातमी आली की वाघाच्या नावाआधी मेलेल्या बाईचं नाव शोधा. मग मत बनवा.

जय भीम.