गावच्या घराचा भाव ठरवताना

दुकानातला माल दोन हंगाम पडून राहिला, तर आपल्यापैकी कोणताही व्यापारी त्याच्या मूळ खरेदीचे दुःख उगाळत बसत नाही. आजच्या बाजारात काय मिळेल ते पाहतो, भाव उतरवतो आणि अडकलेला पैसा मोकळा करून घेतो. हाच व्यापारी वडिलोपार्जित घर विकायला निघाला की मात्र त्याची हिशेबाची पद्धत बदलते. घराला माल म्हणू नये, ही भावना योग्यच आहे. परंतु विकण्याचा निर्णय एकदा झाला, की घेणाऱ्याच्या दृष्टीने ते घर बाजारात आलेलेच असते. अशा घराचा भाव किती सांगावा, याचा विचार या महिन्यात करू. उदाहरणासाठी देवगड तालुक्यातील कुणकेश्वर घेऊ, कारण किनाऱ्यावरील घरांचे बहुतेक प्रश्न तेथे एकत्र भेटतात.

समुद्राला लागून असलेले शंकराचे मंदिर, महाशिवरात्रीची मोठी यात्रा, भोवती हापूसच्या कलमबागा आणि जांभ्या चिऱ्यांची कौलारू घरे, असे हे गाव. पुढची पिढी नोकरी-धंद्यासाठी मुंबई-पुण्यास गेली, की मे महिना आणि गणेशचतुर्थी सोडून अशा घराला कुलूप असते. पुढे केव्हातरी ते विकण्याचे ठरते आणि घरातील बैठकीत एक आकडा उच्चारला जातो.

हा आकडा बहुधा तीन ठिकाणांहून येतो. पहिले ठिकाण ऐकीव बातमीचे: ‘अमक्याने समुद्राकडची जागा इतक्याला दिली.’ त्या जागेचे क्षेत्र, रस्ता आणि कागदपत्रे यांची चौकशी कोणी केलेली नसते. दुसरे ठिकाण गरजेचे: मुलाच्या फ्लॅटसाठी वा दुकानाच्या भांडवलासाठी जेवढे कमी पडतात, तेवढी घराची किंमत ठरते. तिसरे ठिकाण भविष्याचे: ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, रेवस-रेडी सागरी महामार्ग व्हायचा आहे, म्हणून उद्याचा भाव आजच मागितला जातो. आपली गरज घेणाऱ्याला बांधील करीत नाही आणि उद्याच्या रस्त्याचे पैसे आज कोणी पूर्ण मोजत नाही. दुकानात बसून आपण स्वतःही असा सौदा करणार नाही.

बँकेत तारण मालमत्तेचे मूल्यांकन येई, तेव्हा त्यात एकच आकडा नसे. चालू बाजारमूल्य, प्रत्यक्ष वसूल होईल असे मूल्य आणि तातडीने विकल्यास मिळणारे मूल्य, असे तीन उतरते आकडे असत. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली लिलाव करतानाही मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊनच बँकेला राखीव किंमत ठरवावी लागते. बोलीदार आला नाही, तर बँक बाजाराला दोष देत बसत नाही. राखीव किंमत पुन्हा तपासते आणि बहुधा खाली आणते. कर्जवसुलीची घाई असलेली संस्था जी शिस्त पाळते, ती घरमालकाने सवडीने का पाळू नये?

मग खरा भाव कसा शोधावा? प्रथम नोंदलेले व्यवहार पाहावेत. देवगडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, तसेच नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर, खरेदीखतांची सूची क्रमांक २ पाहता येते. आपल्या घरासारखे क्षेत्र व रस्ता असलेले गेल्या दोन-तीन वर्षांतील चार-पाच व्यवहार मिळाले, तर ते शंभर ऐकीव बातम्यांपेक्षा मोलाचे ठरतात. खतात लिहिलेला आकडा कधी कमी असू शकतो, हे खरे. म्हणून स्थानिक वकील आणि मूल्यांकक यांच्याकडून तो पडताळून घ्यावा.

दुसरे म्हणजे, आपले घर कोण घेऊ शकतो याची मोजणी करावी. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. घरामागची कलमबाग शेतजमीन असेल, तर मुंबईचा हौशी खरेदीदार तेथेच थांबतो. म्हणून घराची जागा आणि बाग यांचा भाव वेगळा काढावा. समुद्र दिसतो म्हणून वाढीव भाव मागण्यापूर्वी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशाही पाहावा. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत साधारणपणे नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी असलेल्या चटईक्षेत्राच्या मर्यादेतच करावी लागते. हॉटेल बांधू पाहणाऱ्याला अशी जागा निरुपयोगी. राहण्यासाठी घर शोधणाऱ्याला ती प्रिय. भाव सांगायचा तो या दुसऱ्या माणसाला परवडेल असा.

आता हिशेब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, ८ गुंठे जागा आहे आणि तशा जागेचा नोंदलेला भाव गुंठ्याला ४ लाख रुपये आढळला. जागेचे ३२ लाख झाले. १,२०० चौरस फुटांचे घर आज बांधायचे तर फुटाला १,८०० रुपयांप्रमाणे २१ लाख ६० हजार लागतील. जुनेपणाचा ६० टक्के घसारा वजा जाता बांधकामाचे सुमारे ८ लाख ६४ हजार उरतात. एकूण ४० लाख ६४ हजार. वासे आणि कौले यांचे जुनेपण घसाऱ्यात आलेच आहे; म्हणून घेणारा त्याच कारणासाठी पुन्हा सूट मागू लागला, तर हा कागद त्याच्यापुढे ठेवता येतो. घासाघिशीसाठी चार-पाच टक्के वर ठेवून ४२ लाख सांगावेत आणि ४० लाखांखाली उतरायचे नाही, हे घरात आधीच ठरवावे.

कुटुंबाने मात्र ७० लाखच धरून ठेवले तर? साडेचाळीस लाख रुपये साध्या साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सुमारे २ लाख ६३ हजार रुपये व्याज देतील. घराची राखण, घरपट्टी आणि प्रत्येक पावसाळ्यानंतरची डागडुजी यांचे वर्षाचे ५० हजार धरले, तर थांबण्याची किंमत वर्षाला ३ लाख १३ हजार होते. तीन वर्षांत सुमारे साडेनऊ लाख. म्हणजे तीन वर्षांनी ५० लाख मिळाले, तरी आपण आहोत तेथेच राहिलो. शिवाय बंद कौलारू घर जून ते सप्टेंबरच्या पावसात थांबून राहत नाही. एक कौल सरकले की पाणी वाशात उतरते आणि वाळवी भिंतीवर चढते. ज्या घरासाठी आपण भाव धरून बसलो, ते घरच दरवर्षी थोडे कमी होत असते.

शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याविषयीही गैरसमज आहेत. हे दर मुद्रांक शुल्कासाठी आहेत. तो भाव मिळेलच, अशी हमी त्यात नाही. तरीही त्यांच्याकडे दुर्लक्ष चालत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५०-सी ने घातलेल्या नियमाप्रमाणे, मुद्रांकाचे मूल्य प्रत्यक्ष किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर करासाठी तेच मूल्य धरले जाते. खरा भाव तेवढा येत नसेल, तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. त्यासाठी आपला अहवाल तयार हवा. ‘काही पांढरे, काही रोख’ हा मार्ग तर सर्वथा टाळावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा वारसांचा. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सातबारावरील एका बहिणीची सही बाकी असेल, तर घेणारा तेवढी जोखीम भावातून वजा करतो. रंगरंगोटीवर खर्च करण्यापूर्वी वारसनोंद पूर्ण करणे अधिक लाभाचे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अनुभव असा, की सर्वांत मोठा आकडा बहुधा तोच भाऊ सांगतो, ज्याने दहा वर्षांत एकदाही कौले परतायला पैसे दिलेले नसतात. गावी राहून घर सांभाळणारा गप्प बसतो आणि अबोला तेथून सुरू होतो. यावर साधा उपाय आहे. मूल्यांककाची फी सर्वांनी मिळून भरावी. अहवाल सर्वांनी एकत्र बसून वाचावा. सांगावयाचा भाव, अखेरचा भाव आणि फेरविचाराची तारीख कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. कोणाला तो भाव कमीच वाटत असेल, तर त्याने त्याच दराने इतरांचे हिस्से विकत घ्यावेत; घर घरातच राहील.

दिवाळीनंतर, पावसाच्या खुणा पुसून झाल्यावर घर विक्रीस काढावे. महाशिवरात्रीची यात्रा आणि मे महिन्याची सुट्टी या काळात गावी येणारे लोक घर पाहून जातील. मे अखेरपर्यंत एकही गंभीर विचारणा आली नाही, तर दोष ग्राहकाचा नाही, भावाचा आहे असे समजावे आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी लिहिलेला कागद पुन्हा उघडावा.