गाजरगवत कापू नका!

दर ऑक्टोबरात पुण्यातल्या सोसायट्यांना गाजरगवताची आठवण होते. तोवर ते कुंपणालगत कमरेएवढं वाढून पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. मग मशीन येतं, सपासप कापणी होते, ढीग तिथेच पडतो आणि कमिटी खूश. माझ्या मते हा शुद्ध मूर्खपणा आहे, तोही आपल्याच मेंटेनन्सच्या पैशांतून!

का ते सांगतो. हे झाड शेजाऱ्यांशी नुसतं ऊन-पाण्यासाठी भांडत नाही, चक्क विषप्रयोग करतं. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. पावसात ते धुऊन मातीत उतरतं. मुळांतूनही काही रसायनं झिरपतात, आणि पाला कुजला की उरलंसुरलं बाहेर पडतं. शेजारच्या बिया मग उगवतच नाहीत, उगवल्याच तर मुळं खुरटतात. याला ॲलेलोपथी म्हणतात. हान्स मोलिशने १९३७ मध्ये दिलेला शब्द. आता सांगा, कापून तिथेच कुजवलेला ढीग नक्की कोणाचं काम करतोय? वर एकेका झाडाच्या हजारो बिया मशीनने मस्तपैकी पसरवून दिल्या, आणि बुंधा राहिला तो पुन्हा फुटतोच.

"अमेरिकेने पीएल-४८० च्या गव्हातून पाठवलं हो" हे पालुपद मीटिंगमध्ये हमखास येतं. तो करार १९५६ चा. पुण्यात हे झाड १९५५ मध्येच नोंदलं गेलं होतं. त्याआधीच्या गव्हातून आलंही असेल, पण आज बिया फिरवतात ते आपल्या बांधकामांवरचे मातीचे ट्रक. असो.

खरा राग वेगळाच आहे. जे पार्थेनिन बियांना मारतं, तेच माणसाच्या कातडीवर इसब उठवतं. आपण गॅलरीतून बघतो, आणि माळीकाका नि सफाईवाल्या मावशी ते उघड्या हातांनी गोळा करतात. एकदा ॲलर्जी जडली की पुढे नुसत्या स्पर्शानेही त्रास होतो. त्यांचा मेडिक्लेम कोणी काढलाय?

उपाय अगदी साधा आहे. जून-जुलैत, फुलं यायच्या आत, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. फुलाआधी उपटलेल्याचं खतही चालतं. मोकळ्या जागेत टाकळा पेरा. तो गाजरगवताला दाबतो हे आपल्याकडच्या प्रयोगांत दिसलंय, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी फुकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट मात्र कमिटीनेच द्यायचे. पुढच्या एजीएमला मी तसा ठराव मांडतोय; तुमच्याकडे तुम्ही मांडा.