वऱ्हाडचा कापूस आणि ब्राझीलची गाठ

निर्यातीचे आकडे वाचताना आधी गाठीचं वजन विचारावं. आपली गाठ 170 किलोची, अमेरिकी हिशेबातली सुमारे 218 किलोची. सगळं टनांत आणलं की फरक डोळ्यांत भरतो. 2011-12 मध्ये भारतातून जवळपास 130 लाख गाठी, म्हणजे 22 लाख टन रुई बाहेर गेली. ब्राझीलची गेली 10 लाख टनांच्या आसपास. 2023-24 मध्ये ब्राझील 27 लाख टनांजवळ पोचला आणि अमेरिकेला मागे टाकून जगात पहिला झाला. आपण 5 लाख टनही गाठले नाहीत.

आपल्या गिरण्याच आता जास्त कापूस घेतात, असं अकोल्याचे जिनिंगवाले सांगतात. ते खरं आहे, आणि सूत होऊन माल बाहेर जात असेल तर त्यात वाईट काहीच नाही. पण 2013-14 मध्ये देशात 400 लाख गाठींच्या आसपास पिकलेला कापूस 2024-25 मध्ये 300 लाखांच्या घरात आला. बाहेर पाठवायला उरतं कुठे?

वऱ्हाडानं तेजी पाहिलेली आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडली, आणि लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हटला जाणारा आपला आखूड धाग्याचा माल चढ्या भावानं उचलला गेला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. खामगावला रेल्वे पोचली 1870 मध्ये, अमरावतीला त्यानंतर. तोवर ती तेजी ओसरली होती. 2011 च्या सुमाराची तेजीही तशीच. चीन सरकारी गोदामं भरत होता. त्यानं हात आखडला आणि आपले आकडे घसरले. दोन्ही वेळा निर्यात वाढली ती मुख्यतः दुसऱ्याच्या गरजेपोटी. नुसती आपल्या पऱ्हाटीला बोंडं जास्त लागली म्हणून नव्हे.

ब्राझीलचं तसं नाही. 1990 च्या दशकात तो देश कापूस आयात करत होता. आज मातो ग्रोसो प्रांतात आधी सोयाबीन, ते निघालं की जानेवारीत त्याच रानात कापूस, आणि तोही बहुतेक पावसावर. पिकं आपलीच, तरी हेक्टरी रुई 1,800 किलोंच्या आसपास. भारताची सरासरी 450 किलोंच्या आगेमागे, कोरडवाहू वऱ्हाडाची त्याहून कमी. हजारो हेक्टरांची त्यांची शेती आणि यंत्रं पाच एकरांच्या कास्तकाराला उचलता येणार नाहीत, आणि उचलावीत असं मला वाटतही नाही. दाट लागवडीला साजेसे, लवकर निघणारे सरळ वाण मात्र घेता येतात. बोंडअळी वाढायच्या आत रान मोकळं होतं, बियाण्याचा खर्च उतरतो. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात, महाबीजही अकोल्यातच. त्यांना असे वाण देण्याच्या या एका कामासाठी भरपूर पैसा आणि माणसं मिळायला हवीत.

दुसरी गोष्ट धोरणाची. 2010 मध्ये निर्यात थांबवली, मार्च 2012 मध्ये पुन्हा बंदी घातली आणि आठवड्याभरात मागे घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क उठवलं, मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमकी दसरा-दिवाळीची वेळ, म्हणजे वेचणीचा कापूस घरात येतो आणि देणेकरी दारात. शुल्क ठेवायचं की उठवायचं, हे सरकारनं मे महिन्यात, बियाण्याची पिशवी घेण्याआधी जाहीर करावं आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये. सोयाबीन पेरायचं की कापूस, हे मग शेतकरी हिशेब मांडून ठरवेल.